हात हलवत

पुण्यात मी पहाटे धावायला निघते तेव्हा सोसायटीचा वॉचमनसुद्धा मान वर करत नाही. अल्लीपूरला, माहेरच्या अंगणात, बुटाच्या नाड्या बांधायला बसले की मोठी आई हातातलं सूप खाली ठेवते. "कायले पळून राहिली वं? कोन लागलं तुया मांगं?"

या प्रश्नाला माझ्याकडे अजून नीट उत्तर नाही. पण २०२२ च्या उन्हाळ्यात, कोरोनाची दोन वर्षं वाया गेल्यानंतर, लग्नाच्या निमित्तानं घरात एकोणीस माणसं जमली आणि भाच्यानं टूम काढली, "आत्या, आपली घरचीच मॅरेथॉन करू." मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात दिवसा धावायचं नाव काढणं म्हणजे वेडेपणा, म्हणून रात्री. आमच्या गल्लीतून निघायचं, हिंगणघाटकडे जाणाऱ्या रस्त्याला लागायचं, नाल्याच्या पुलाला हात लावून परत यायचं. मोटरसायकलच्या काट्यावर मोजलं तर जाऊन-येऊन पाच किलोमीटर भरलं. बेचाळीस किलोमीटर एकशे पंचाण्णव मीटरच्या शर्यतीचं नाव याला देणं हा अन्याय आहे, पण घरात सगळे मॅरेथॉनच म्हणतात. तीन उन्हाळे झाले. त्यात जे शिकले ते असं, जसं आठवेल तसं.

१. चंद्र लग्नघरासाठी थांबत नाही.

बेत बुद्धपौर्णिमेचा होता, १६ मेचा. लग्न, मग पूजा, मग पाहुण्यांच्या पाठवण्या यांत दोन दिवस गेले आणि शर्यत अठराला रात्री आठ वाजता ठरली. पौर्णिमा होऊन दोनच दिवस झालेत, चांदणं असेलच, असं सगळ्यांनी धरून चाललं. पौर्णिमेनंतर चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो, हे शाळेतलं ज्ञान एकोणीस माणसांत एकालाही आठवलं नाही, आणि त्यात दोन मास्तर होते. गावातले दिवे मागे पडले आणि पुढे डोळ्यांत बोट घातलं तरी कळू नये असा अंधार. नऊ वाजून गेल्यावर चंद्र वर आला तेव्हा आम्ही अंगणात बसून पायातले बाभळीचे काटे काढत होतो.

धावायचं तर पौर्णिमेला. नाही जमलं तर चतुर्दशीला, तेव्हा तो दिवस मावळायच्या आधीच वर आलेला असतो. पुढचे दिवस मांडववाल्याचा हिशेब करायला ठेवावेत.

२. आमरसावर धावू नये.

सात वाजता रस-पोळी, कुरडया, भजी. आठ वाजता शर्यत. जास्त लिहीत नाही.

३. रात्र म्हणजे गारवा नव्हे.

आम्हाला वाटायचं, सूर्य गेला की संपलं. आमच्याकडे मे महिन्यात सूर्य फक्त दिसेनासा होतो. दिवसभर तापलेलं डांबर रात्री नऊ-दहापर्यंत धग सोडत राहतं, बुटाच्या तळव्यातून कळतं. हवा सगळ्यात निवते ती सूर्योदयाच्या जरा आधी. म्हणजे 'ऊन नको, रात्री धावू' म्हणताना आपण बहुतेक वेळा रात्रीचा नेमका चुकीचा भाग धरतो.

जगातल्या मोठ्या मंडळींचीही हीच गत झाली आहे. २०१९ ला दोहामध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतली महिलांची मॅरेथॉन उन्हाच्या धाकानं रात्री अकरा वाजून एकोणसाठ मिनिटांनी सोडली. तरी पारा तिशीच्या वर आणि हवेतला दमटपणा सत्तर टक्क्यांच्या पुढे. अडुसष्ट जणी सुटल्या, अठ्ठावीस जणींनी वाटेतच शर्यत सोडली. त्या जगातून निवडून आलेल्या. आमच्यात माझा मोठा भाऊ होता, ज्याचा वर्षभराचा व्यायाम म्हणजे कुलरमध्ये पाणी भरणं.

पण पहिल्या वर्षी रस्त्यात बसला तो भाऊ नव्हे. बसले मी. दर जानेवारीत अर्धमॅरेथॉन पळणारी, घरात सगळ्यांना श्वास कसा घ्यावा याचं व्याख्यान दिलेली मी. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात. मी लग्नापुरती येऊन तिसऱ्या दिवशी धावत होते आणि बाकीचे मार्चपासून त्या हवेत शिजत होते. पूल गाठला, वळले आणि डोळ्यांपुढे काजवे. मोठे बाबा सायकल घेऊन मागून येत होते. उरलेली मॅरेथॉन मी त्यांच्या कॅरियरवर बसून पूर्ण केली. भाच्यांनी त्याचा व्हिडिओ काढला आहे आणि तो दर दिवाळीला घरच्या ग्रुपवर फिरतो.

२०२४ ची बुद्धपौर्णिमा २३ मेला आली, नवतप्याच्या अगदी तोंडावर. विदर्भ भट्टीसारखा पेटला होता. पुढच्याच आठवड्यात नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्रानं छप्पन्न अंश दाखवले आणि यंत्र बिघडलं होतं असा खुलासा हवामान खात्याला करावा लागला. मोठ्या बाबांच्या मते यंत्र बरोबरच होतं. त्या वर्षी शर्यत रात्री घ्यायचीच नाही असं ठरत आलं होतं, तेव्हा तेच म्हणाले, "अरे, पवनारचे बाबा कंदील धरून पहाटे तीन-चारलेच निंघत. ते का येडे होते?" विनोबा १९५१ च्या मार्चात आमच्याच जिल्ह्यातून पायी निघाले आणि भूदानासाठी तेरा वर्षं चालत राहिले. कूच कायम दिवस उजाडायच्या आधी. जिल्ह्यातच उदाहरण असताना आम्ही दोहाकडे बघत बसलो होतो.

मग पहाटे चारला सुटलो. पोरं अंगणात बाजांवर झोपली होती, त्यांना ओढून उठवलं. चंद्र मावळतीला कललेला, सावल्या लांबलचक, आणि हवा गार म्हणता येणार नाही पण माणसात आलेली. तीन वर्षांतली ती सगळ्यात चांगली शर्यत.

४. उजव्या बाजूनं पळा आणि एका दिव्यावर विश्वास ठेवू नका.

समोरून एकच दिवा येतो. आपण समजतो मोटरसायकल आहे, आणि जरासं सरकून जागा देतो. जवळ आल्यावर कळतं की तो ट्रॅक्टर आहे, दुसरा दिवा गेलेला आहे आणि मागच्या ट्रॉलीला तर दिवा कधी नव्हताच. म्हणून येणाऱ्या गाडीला तोंड करून, रस्त्याच्या उजव्या कडेनं, एकामागे एक. गप्पा मारत चार जणांनी हातात हात घालून पळायला हा मरीन ड्राइव्ह नाही.

हिंगणघाटला गाड्यांचे नंबर रंगवणाऱ्याकडून रेडियमची पट्टी आणली आणि प्रत्येकाच्या पाठीवर लावली. दुकानदारानं विचारलं, "बैलबंडीले लावाची का?" भाऊ म्हणाला, "नाही, बायकोले." त्यावर घरी आल्यावर त्याचं काय झालं ते वेगळं. पोलीस ठाण्यातही जाऊन तोंडी सांगून ठेवलं, कारण रात्री दहा-पंधरा माणसं पळत सुटली तर बघणाऱ्याला पहिली शंका मॅरेथॉनची येत नाही.

५. बॅटरी पायाशी मारा.

लांबवर झोत टाकायची हौस सगळ्यांना असते, विशेषतः नवीन बॅटरी असली की. लांब फार तर रोही (नीलगाय) उभा असतो, आणि तो आपल्यापेक्षा आधी पळतो. बघायचं असतं ते पुढच्या चार पावलांत. मण्यार रात्रीच हिंडते. दुसऱ्या वर्षी पुलाच्या अलीकडे काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेलं काहीतरी सळसळत गेलं. भाची शहाणपणानं म्हणाली की तो कवड्या असेल, तो बिनविषारी, दिसतो फक्त तसा. असेल. खात्री करून घ्यायला कुणी थांबलं नाही, आणि त्या दोनशे मीटरमध्ये आमच्या घराण्याचे सगळे विक्रम मोडले गेले.

कुत्र्यांचं उलट. कुत्रा दिसला की पळायचं थांबायचं आणि सावकाश चालायचं. मोठे बाबा सायकलवर पुढे असले की प्रश्नच नसे, गावातली निम्मी कुत्री त्यांच्या हातची पोळी खाऊन वाढली आहेत.

६. कांदा खिशात ठेवा, पण भरवसा पाण्यावर ठेवा.

पहिल्या वर्षी मोठ्या आईनं प्रत्येकाच्या खिशात एकेक कांदा कोंबला. ऊन लागू नये म्हणून आमच्याकडे सगळेच ठेवतात. कांदा खिशात राहून ऊन कसं खेचून घेतो हे मला आजवर पटलेलं नाही, पण वाद घालू नये असं माझं मत आहे. कांदा कुणाचं वाईट करत नाही, आणि शर्यतीनंतर झुणक्यासोबत अकरा कांदे एकाच वेळी बाहेर आले तेव्हा त्याचा उपयोगही पटला.

खरं काम करतं ते मीठ-साखरेचं पाणी. लिटरभर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, पोह्याचा चमचा नव्हे, चहाचा. दोन माठ, एक दारात आणि एक पुलावर, आणि पुलावरच्या माठापाशी एक समजूतदार माणूस. पन्हं परत आल्यावर. आणि हे थट्टेत घालवण्यासारखं नाही म्हणून वेगळं सांगते: पळता पळता कुणी असंबद्ध बोलायला लागलं, किंवा अंग तापून झोकांड्या खायला लागलं, तर शर्यत तिथेच संपली. कपडे ओले करायचे, वारा घालायचा आणि दवाखाना गाठायचा. नुसत्या कांद्यावर तिथं भागत नाही.

७. सिनेमा बघून चपला काढू नयेत.

लता करे यांनी २०१३ ला बारामतीत नऊवारी नेसून, अनवाणी पळून, साठी ओलांडलेल्या वयात शर्यत जिंकली. नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवे होते म्हणून. त्यांच्यावरचा सिनेमा आमच्या घरात सगळ्यांनी पाहिला आणि धाकट्या भाच्यानं ऐन सुटायच्या वेळी स्लीपर भिरकावून दिल्या. पन्नास पावलांवर तो परत. ती डिसेंबरातली शर्यत होती, रे बाबा. शिवाय त्या हौसेनं अनवाणी पळाल्या नव्हत्या.

८. पहिला कोण आला, याला घरात काही अर्थ नाही.

पहिल्या वर्षी सतरा वर्षांचा भाचा पहिला आला. तो पहिला येणार हे त्याला, आम्हाला आणि मोठ्या बाबांच्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. बाकीचे उगाच पळाले. सात वर्षांची भाची रडली, भाऊ रुसला.

दुसऱ्या वर्षी नियम बदलला. निघण्याआधी प्रत्येकानं आपल्याला किती वेळ लागेल ते कागदावर लिहून द्यायचं. घड्याळं, मोबाईल सगळे एका परातीत जमा. ज्याचा अंदाज खऱ्या वेळेच्या सगळ्यात जवळ, तो जिंकला. बक्षीस एक टरबूज. पळणारे क्लब असला खेळ खेळतात, मी पुण्यात पाहिला होता, पण त्याची खरी गंमत घरात आहे. तरणं पोरगं 'अठरा मिनिटं' लिहून फुशारकी मारतं आणि पंचवीसला धापा टाकत येतं. भाऊ 'पंचेचाळीस' लिहितो, पस्तीसलाच गल्लीच्या तोंडाशी पोचतो आणि मग दहा मिनिटं शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून वेळ काढतो. तोही मनातल्या मनात आकडे मोजत, म्हणून चुकतोच. स्वतःला ओळखण्यात माणसं किती कच्ची असतात, हे पाच किलोमीटरात कळतं.

९. फोटो नीट बघावा.

पहिल्या शर्यतीचा फोटो मी पुण्याला परत आल्यावर, गाडीतले कपडे धुवायला टाकून झाल्यावर, निवांत बघितला. पळायला उभी असलेली अकरा माणसं. पुरुष, पोरं, दोन शाळकरी मुली आणि मी. मागे दारात, चुलीच्या उजेडात, वहिनी. तिच्या हातात झारा. मोठी आई तर फोटोत नाहीच, ती आत पीठ भिजवत होती. आम्ही पळून दमून येणार म्हणून त्या दोघी गरमागरम काहीतरी करत होत्या, आणि मी, बाईमाणसानं पळलं पाहिजे असं पुण्यात ज्याला-त्याला सांगणारी, त्यांना 'येता का' असं एकदाही विचारलं नव्हतं.

पुढच्या वर्षी पहिला नियम हा केला की शर्यतीच्या रात्री चूल बंद. आलूभोंडे आणि तर्री बाहेरून येईल, पैसे मोठे बाबा देतील.

पण २०२३ ची बुद्धपौर्णिमा ५ मेला होती आणि त्या रात्री ग्रहण होतं. मोठी आई म्हणाली, गिरानात कोणी बाहेर पडाचं नाही. मी दाते पंचांग काढून दाखवलं: छायाकल्प ग्रहण, पावणेनऊच्या सुमारास सुरू, आणि छायाकल्पाचे वेध पाळायचे नसतात. तिनं चष्मा लावून ते स्वतः वाचलं, मला परत वाचायला लावलं, मग म्हणाली, "लिवलं हाय तं ठीक हाय." त्या आठवड्यात अवकाळी पाऊस होऊन गेला होता, मे महिना असून अंगावर काटा यावा अशी हवा होती. असा मे पुन्हा मिळायचा नाही असं भाऊ म्हणाला, आणि पुढच्याच वर्षी ते खरं ठरलं.

मोठी आई एकाहत्तर वर्षांची. ती पळणार नव्हती, चालणार होती. अंदाजाचा कागद पुढे केला तर म्हणाली, "मले मिनटं नाही समजत. पंधरा मानसाच्या पोया कराले जेवढा टाइम लागते, तेवढा लागन." वहिनीनं हिशेब केला आणि लिहिलं: एक तास पाच मिनिटं.

मी त्या रात्री पळाले नाही. त्यांच्यासोबत चालले. गावाचे दिवे मागे पडले, ढगांतून चंद्र आत-बाहेर करत होता, ग्रहण लागलं होतं म्हणे, पण त्याच्याकडे पाहून काही कळत नव्हतं. रस्त्याच्या एका वळणावर मोठी आई थांबली. कडेला कुणाच्या तरी वावराचा धुरा होता, नांगरून ठेवलेली काळी जमीन. ती म्हणाली, "लग्न होऊन आली तई या रस्त्यानं रोज रात्री येत होतो आमी. चार-पाच जनी. हातात लोटा. कोणाच्या गाडीचा उजेड पडला का उभं राहाचं." मग जराशानं, "असे हात हलवत पैल्यांदाच आली."

वहिनी हसली. मला हसावं की नाही कळेना. माझ्या लहानपणीही घरात संडास नव्हता, मीही त्या चार-पाच जणींत आईचा पदर धरून गेलेली आहे. पुढे हागणदारीमुक्तीचं अभियान आलं, गुडमॉर्निंग पथकं आली, घरोघरी संडास झाले, फारच चांगलं झालं. फक्त त्याबरोबर रात्री घराबाहेर पडायचं बायकांचं ते एकुलतं कारणही गेलं, आणि त्याच्या जागी दुसरं कुणी दिलं नाही. रस्ता तिथेच होता. पुरुष जेवून पानटपरीवर जायला तो वापरतच होते. मी पुण्याला जाऊन पळायला शिकले, आणि माझ्याच गावातल्या रस्त्यावर रात्री नऊनंतर गेले ती वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तेही भाच्याच्या हट्टामुळे.

पूल आला. तिनं कठड्याला हात लावला, लावल्याचं भाचीनं पाहिलं की नाही याची खात्री केली, आणि वळली. परतताना पदर खोचून, हात मोकळे टाकून, ती माझ्यापुढे दहा पावलं होती.

गल्लीच्या तोंडाशी आम्ही ज्वारीच्या पोत्याची सुतळी आडवी बांधली होती. घड्याळ वहिनीच्या पोराकडे. एक तास चार मिनिटं. एका मिनिटाची चूक. तोवरचा सगळ्यात जवळचा अंदाज सहा मिनिटांनी हुकलेला होता. पोरांनी आरडाओरडा केला, टरबूज उचलून आणलं. मोठी आई सुतळी ओलांडून तशीच पुढे निघाली. आम्हाला वाटलं तिला कळलं नाही, म्हणून भाऊ ओरडला, "मोठी आई, झालं, संपलं!" तिनं मागे न बघता हात केला आणि बस स्टँडच्या दिशेनं वळली.

दहा मिनिटांनी परत आली तेव्हा टरबूज अर्धं संपलं होतं. कुठे गेली होती विचारलं तर म्हणाली, रात्री स्टँड कसा दिसते ते पाहून आली.

"कसा दिसते मग?"

तिनं फोड उचलली, बिया अंगणात थुंकल्या. "काहीच नाही वं तिथं. कुत्रे झोपून हायेत."